आंबागडाची ‘भुताटकी सहल’ : एक अभिप्राय

नागपुरातील एका सहल आयोजकांनी गेल्या पौष अमावास्येला ‘भुताच्या किल्ल्यावर एक संध्याकाळ’ या नावाने आंबागडाची सहल काढली होती. माणशी १,८५० रुपये घेतले. त्यात सीताबर्डीहून जाणे-येणे, वाटेत चहा-फराळ, गडावर मार्गदर्शक, पायथ्याशी रात्रीचे जेवण आणि शेकोटीभोवती ‘सत्य अनुभव’ एवढे देण्याचे कबूल केले होते. आयोजकांचे नाव येथे देत नाही, कारण अशा सहली काढणारे आता एकटे तेच राहिलेले नाहीत आणि जे लिहायचे आहे ते बहुतेकांना थोड्याफार फरकाने लागू पडेल. गड मात्र नावानिशी सांगतो, कारण गडाविषयी माझी काही तक्रार नाही.

सहलीचे पैसे पुतण्याने भरले. निवृत्त माणसाला घराबाहेर काढायचे असेल तर आधी पैसे भरावेत आणि मग कळवावे, हे त्याला माझ्यावरून चांगलेच उमगलेले आहे. भुतांची हौस मला कधीच नव्हती. परंतु जाहिरातीत ‘जिचे पाणी प्यायलेला कैदी परत बोलला नाही, ती विषारी विहीर’ असे एक वाक्य होते, आणि त्या वाक्याने मला बसमध्ये बसवले. माझी सगळी नोकरी पाणी तपासण्यात गेली. तहसिलीच्या गावांतून येणाऱ्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवणे, गढूळपणा, क्षार, जंतू मोजणे आणि शेवटी ‘पिण्यास अयोग्य’ असा शिक्का मारणे हेच काम मी निवृत्त होईपर्यंत केले. ज्या विहिरीचे पाणी हीच शिक्षा होती, ती विहीर पाहण्याची इच्छा अशा माणसाला होणे स्वाभाविक आहे.

आंबागड भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्यात, सातपुड्याच्या रांगेतील एका टेकडीवर आहे. तुमसरहून तो बारा-तेरा किलोमीटर पडतो आणि नागपूरहून भंडारामार्गे गेल्यास एकूण अंतर शंभर किलोमीटरच्या थोडे पुढे जाते. इ. स. १७०० च्या सुमारास छिंदवाड्याकडील देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याचा सुभेदार राजा खान पठाण याने तो बांधला, असे मानले जाते. बख्त बुलंद म्हणजे तोच राजा, ज्याने १७०२ मध्ये आसपासची लहान गावे एकत्र करून नागपूर शहर वसवले. म्हणजे आपले शहर आणि हा गड एकाच राजवटीत, आगेमागे दोन-चार वर्षांच्या अंतराने उभे राहिले. एक वाढत वाढत रिंग रोडच्याही बाहेर गेले आणि दुसरा जंगलात राहिला. पुढे गोंड राजघराण्यातील तंट्यात रघूजी भोसले मध्यस्थ म्हणून आले, १७४३ पर्यंत नागपूरचा कारभार त्यांच्या हाती गेला आणि त्या ओघात आंबागडही भोसल्यांकडे आला. भोसल्यांना डोंगरावरच्या या गडाची लढाईसाठी फारशी गरज उरली नसावी, कारण त्यांनी त्याचा तुरुंग केला. कैद्यांना गडावरील विहिरीचे साचलेले, विषारी पाणी पिण्यास भाग पाडले जाई आणि त्याने ते मरत, ही गोष्ट ‘असे सांगतात’ या स्वरूपात चालत आलेली आहे. आजच्या सगळ्या भुतांचा जन्म याच एका गोष्टीतून झालेला आहे.

हा इतिहास मार्गदर्शकाने सांगितला नाही. तो मी घरून वाचून गेलो होतो. मार्गदर्शक पंचविशीतला, उत्साही आणि आवाजाने खणखणीत होता. त्याच्याविषयी व्यक्तिशः वाईट लिहावे असे काही नाही. परंतु नागपूर ते भंडारा या दीड तासांत त्याने ‘येथे एका नवरीने उडी घेतली’, ‘येथे घोड्याच्या टापा ऐकू येतात’, ‘येथे एका साहेबाचे डोके उडाले’ अशा ज्या तीन गोष्टी सांगितल्या, त्यांपैकी एकही या गडाची नव्हती. नवरी, टापा आणि बिनडोक्याचा साहेब हे तिघेही भारतातील कोणत्याही पडक्या वास्तूत बिनभाड्याने राहू शकतात. ज्या गडाला स्वतःची इतकी भीषण गोष्ट आहे, त्याच्यावर उसनी भुते कशासाठी आणावीत, हे मला शेवटपर्यंत समजले नाही.

प्रवासाविषयी थोडक्यात सांगतो. दुपारी बारा वाजता निघणारी बस दीड वाजता निघाली. मौद्याच्या पुढे मिळालेला तर्री-पोहा उत्तम होता, तर्री वरून मागितली तरी कोणी कपाळाला आठी घातली नाही, आणि चहा दोनदा मिळाला. पण निघतानाचा हा उशीर पुढे फार महागात पडला. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सहाच्या आतच मावळतो. आम्ही पायथ्याच्या गावात पोहोचलो तेव्हा साडेचार वाजून गेले होते, आणि ज्या गडाला निवांतपणे तीन तास द्यायला हवेत त्याला चढ-उतार धरून जेमतेम सव्वा तास मिळाला.

चढण अवघड नाही. पायऱ्या आहेत आणि साठी ओलांडलेला माणूसही थांबत-थांबत चढू शकतो. पायऱ्या मोजायच्या असे मी ठरवले होते, परंतु दोनशेच्या आसपास पुतण्याने पाण्याची बाटली मागितली आणि आकडा हरवला. गुडघे कुरकुरत असतील त्यांनी काठी न्यावी. चढताना दोन्ही बाजूंचे जंगल पाहण्यासारखे आहे: साग, ऐन, धावडा, मोह, पळस, बहुतेक सगळे पानगळीला लागलेले, आणि पायाखाली सागाच्या वाळक्या पानांचा तो पापड मोडल्यासारखा आवाज. या पानांवरून साधा सरडा पळाला तरी माणूस चालत आल्याचा भास होतो. आमच्यापुढे चालणाऱ्या दोन मुली अशाच एका आवाजाने दचकल्या, तेव्हा मार्गदर्शकाने आवाज खाली आणून “इथून पुढे मागे वळून पाहायचं नाही” असे बजावले. मी मागे वळून पाहिले. तेथे एक सातभाई पक्ष्यांचा थवा पाने उलथीपालथी करत होता.

या वाटेवर कांडोळाची झाडे लक्ष देऊन पाहावीत. या झाडाला मराठीत भुत्या असेही म्हणतात आणि हे नाव त्याला का पडले हे थंडीच्या दिवसांत न सांगता समजते. हिवाळ्यात त्याची सगळी पाने झडतात, साल पांढुरकी आणि गुळगुळीत असते, तिचे कागदासारखे पापुद्रे सुटतात, आणि फांद्या वाकड्या हातांसारख्या वर गेलेल्या असतात. काळोखात बॅटरीचा झोत अवचित त्याच्यावर पडला तर अंगावर काटा येतोच, माझ्याही आला. याच झाडाचा डिंक कराया गोंद म्हणून विकला जातो, औषधांत आणि खाद्यपदार्थांत वापरला जातो, आणि तो काढणारी माणसे या ‘भुतां’च्या अंगावर कोयत्याने खाचा पाडून पोट भरतात. परतीच्या वाटेवर आयोजकांच्या एका माणसाने मुद्दाम अशाच एका झाडावर झोत टाकला आणि किंकाळी मारली. मुले घाबरली, मोठे हसले, आणि झाडाचे नाव कोणी सांगितले नाही. १,८५० रुपयांत निदान झाडाचे नाव तरी यायला हवे होते.

गड आकाराने फार मोठा नाही, परंतु जेवढा आहे तेवढा भक्कम आहे. दगड-विटांचे बांधकाम, बुरूज, तटावरून चालण्याची वाट, आत वेगळा काढलेला बालेकिल्ला आणि कमानींच्या अंधाऱ्या खोल्या असे त्याचे रूप आहे. हे राज्य संरक्षित स्मारक असून डागडुजीचे काम झालेले स्पष्ट दिसते. ‘जंगलाने गिळलेला भग्न किल्ला’ असे जाहिरातीतले वर्णन वाचून कोणी गेल्यास त्याची निराशा होईल, आणि ती झालेलीच बरी. तटावर उभे राहिल्यावर एका बाजूला सातपुड्याच्या टेकड्या एकामागे एक फिकट होत गेलेल्या आणि दुसऱ्या बाजूला धानाची बांधी, तळी आणि धुक्यासारखा पसरलेला चुलींचा धूर दिसतो. तलावांचा जिल्हा म्हणून भंडाऱ्याची ओळख का आहे, हे जेवढे या तटावरून समजते तेवढे नकाशावरून समजत नाही. त्या संध्याकाळी तटावर मिळालेली दहा मिनिटे ही साऱ्या सहलीतील सर्वांत चांगली दहा मिनिटे होती. तेथेही मार्गदर्शक मागून “चला, चला, विहिरीची वेळ झाली” असे ओरडत होता, जणू विहीर सहाच्या ठोक्याला बंद होणार होती.

खोल्यांमध्ये वटवाघळे आहेत. त्यांचा तो उग्र, नाकात बसणारा वास, बाहेरच्यापेक्षा चटकन जाणवणारा गारवा, आणि कमानीखाली स्वतःचेच शब्द किंचित उशिरा कानावर येणे, या तिन्ही गोष्टी मिळून छातीत जे होते ते खोटे नसते. दीड-दोन हात जाडीच्या भिंती दिवसाची उष्णता आत येऊ देत नाहीत, एवढेच त्या गारव्याचे कारण आहे. परंतु कारण माहीत असूनही मी त्या खोलीत दोन मिनिटांपेक्षा अधिक थांबलो नाही. या खोल्यांत माणसे कोंडलेली असतील तर पावसाळ्यात त्यांनी काय केले असेल, झोपले कसे असतील, त्यांना खायला काय मिळाले असेल, हा विचार मला तेथे आला. मार्गदर्शकाने तेथे सगळ्यांना मोबाइल बंद करायला लावून अंधारात एक मिनिट उभे केले आणि कोणाला खांद्यावर हात पडल्यासारखे वाटले का, असे विचारले. तिघांना वाटले. चाळीस माणसे एका खोलीत अंधारात दाटीने उभी केल्यावर तिघांनाच वाटले, याचे उलट नवल करायला हवे.

आता विहीर. मी ज्या जागेसाठी गेलो होतो तेथे माझ्या वाट्याला वीस मिनिटे आली, आणि त्यांतली निम्मी मुलांना कठड्यापासून मागे ओढण्यात गेली. पाण्यावर पाला होता, हिरवट साय होती, आणि डासांविषयी न लिहिलेलेच बरे. मार्गदर्शकाने सांगितले की या पाण्यात आजही विष आहे, ते कोणते हे शास्त्रज्ञांना सापडलेले नाही, आणि अमावास्येला नाणे टाकले की खालून कण्हण्याचा आवाज येतो. नाणी टाकली गेली. आवाज आला, गोल, उभ्या, दगडी भिंतींच्या पोकळीत कोणताही आवाज घुमून लांबतो आणि जड होतो, तसा तो आला. संरक्षित स्मारकाच्या पाण्यात चाळीस नाणी टाकणे योग्य आहे का, असे मी विचारले तेव्हा “काका, श्रद्धेचा भाग आहे” असे उत्तर मिळाले. ही श्रद्धा कोणाची, कधीपासूनची, हे विचारण्याचे मी टाळले, कारण ती त्याच महिन्यात सुरू झाली असावी असा मला दाट संशय आहे.

विषाविषयी मात्र मला थोडे विस्ताराने लिहू द्या. उंचावरच्या विहिरीत किंवा टाक्यात आत येणारे पाणी पावसाचे असते आणि बाहेर जायला वाट नसते. पानगळ त्यात पडते, सडते, सडताना पाण्यातला प्राणवायू संपवते. मग प्राणवायूवाचून जगणारे जंतू वाढतात आणि सडक्या अंड्यासारखा वास येऊ लागतो. असे पाणी किळसवाणे असते, परंतु एवढ्यावर माणूस मरत नाही. मरतो तो त्या पाण्यात माणसाची किंवा जनावराची विष्ठा मिसळल्यावर, आणि जेथे शेकडो माणसे वर्षानुवर्षे राहतात त्या गडावर ती मिसळणे अटळ आहे. पटकी (कॉलरा), हगवण, विषमज्वर (टायफॉइड) हे तिन्ही रोग अशाच पाण्यातून येतात. तीव्र पटकीत उपचार मिळाला नाही तर निम्म्यापर्यंत रोगी दगावतात, आणि तेही काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत. अर्धपोटी, जखमी, उन्हाळ्याने सुकलेल्या कैद्याच्या बाबतीत तर साध्या हगवणीनेही काम भागले असेल. पटकीचा संबंध पाण्याशी आहे हे लंडनमध्ये जॉन स्नो याने एका सार्वजनिक पंपावरून दाखवले ते १८५४ मध्ये, आणि रॉबर्ट कॉख याने तिचा जंतू ओळखला तो १८८३-८४ मध्ये. भोसल्यांचे राज्य १८५३-५४ मध्येच संपले होते. तेव्हा आंबागडाच्या पहारेकऱ्याला जंतू ठाऊक असण्याची शक्यता नव्हती. परंतु कोणत्या विहिरीचे पाणी आपण स्वतः प्यायचे नाही आणि कोणते कैद्याला द्यायचे, एवढे त्याला पक्के ठाऊक होते. ‘विषारी विहीर’ या शब्दांत दडलेली खरी भयाण गोष्ट ही आहे. अशा शिक्षेत तलवार उपसावी लागत नाही, कोणाच्या हाताला रक्त लागत नाही, आणि शेवटी दोष पाण्यावर जातो.

पुतण्याने तेथे एक हुशार शंका काढली. या तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या मोठ्या खाणी आहेत, तेव्हा पाण्यात मँगनीजच असेल का, असे त्याने विचारले. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, मँगनीजची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आणि पर्यायी स्रोत नसल्यास ०.३ मिलिग्रॅम आहे. ती ओलांडली तर पाणी तुरट लागते, कपड्यांवर काळे डाग पडतात, आणि वर्षानुवर्षे फार अधिक प्रमाणात पोटात गेल्यास मेंदूवर परिणाम होऊ शकतो. कैद्याला आठवड्याभरात मारण्याचे ते साधन नव्हे. ही चर्चा आम्ही काका-पुतण्या करत होतो तेव्हा भोवती सात-आठ माणसे येऊन उभी राहिली आणि त्यांनी नाणी टाकण्यापेक्षा अधिक लक्ष देऊन ऐकले. आयोजकांनी याची नोंद घ्यावी. लोकांना खरे ऐकायला आवडते. ते सांगणारा हवा.

याच ठिकाणी या सहलीतील एकमेव खरोखर धोक्याचा प्रसंग घडला, आणि त्यासाठी मी गुण सर्वांत अधिक कापले आहेत. आमच्यातील एका तरुणाने दोर आणला होता. विहिरीत थोडे उतरून व्हिडिओ काढायचा त्याचा बेत होता, आणि मार्गदर्शक त्याला अडवण्याऐवजी दोर कोठे बांधावा हे सुचवू लागला. मी आवाज चढवला. जुन्या, वापरात नसलेल्या, पाल्याने भरलेल्या विहिरीत तळाशी कर्बवायू (कार्बन डायऑक्साइड) साचलेला असू शकतो. तो हवेपेक्षा जड असतो, त्याला रंग नाही आणि वास नाही. सडलेल्या गाळातून येणारा हायड्रोजन सल्फाइड त्याहून वाईट: थोडा असतो तेव्हा त्याची घाण येते, आणि प्रमाण घातक पातळीकडे गेले की नाक बधिर होऊन ती येईनाशी होते, म्हणून उतरणाऱ्याला वाटते की हवा निवळली. दर उन्हाळ्यात कोठे ना कोठे विहीर उपसायला उतरलेला एक माणूस कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्यासाठी तिसरा, आणि वर्तमानपत्रात एकाच घरातील तीन नावे येतात. जुने विहीरकामगार आधी पेटता कंदील दोराने खाली सोडत; कंदील विझला तर कोणी उतरत नसे. हे सर्व मी तेथे सांगितले, दोर गुंडाळला गेला, आणि तो तरुण रात्रभर माझ्याशी बोलला नाही. चालेल. ज्या सहलीत ही दक्षता एका साठी उलटलेल्या प्रवाशाला घ्यावी लागते, तिच्यात लहान मुलांना पाठवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सूर्य मावळताना आम्हाला खाली उतरवले गेले. मार्गदर्शकाने याचेही भांडवल केले: अंधार पडल्यावर येथे थांबायला सरकारचीच परवानगी नाही, म्हणजे काय ते समजून घ्या. राजस्थानातील भानगड या किल्ल्याच्या बाबतीत हीच युक्ती कित्येक वर्षे चाललेली आहे. तेथे पुरातत्त्व खात्याचा सूर्योदयापूर्वी व सूर्यास्तानंतर प्रवेश निषिद्ध असल्याचा फलक आहे आणि त्याची छायाचित्रे ‘सरकारने मान्य केलेले भूत’ म्हणून फिरतात. वास्तविक केंद्र संरक्षित स्मारके सर्वसाधारणपणे सूर्योदय ते सूर्यास्त एवढाच वेळ खुली असतात आणि त्याला भुताची गरज नसते. दिवे नाहीत, कठडे तुटके आहेत, जनावरे फिरतात, एवढी कारणे कोणत्याही शहाण्या माणसाला पुरावीत. आमच्याबरोबर पायथ्याच्या गावातील एक म्हातारे गृहस्थ वाट दाखवायला होते. त्यांना कोणीतरी रात्री गडावर काय दिसते असे विचारले तेव्हा ते म्हणाले, “भूतबीत काई नाई जी. मोहाच्या दिवसांत अस्वलाले भेवा लागते. भुताले कोन भेते?” सबंध दिवसात मिळालेली ही एकमेव उपयुक्त सूचना होती, आणि ती तिकिटात धरलेली नव्हती.

शेकोटीचा कार्यक्रम सुमार झाला. ध्वनिक्षेपक आणला होता, त्यावर कुत्र्यांचे विव्हळणे आणि पैंजणांचा आवाज वाजवला गेला, आणि ‘सत्य अनुभव’ सांगणाऱ्याने एकच अनुभव दोन वेगवेगळ्या मित्रांच्या नावावर सांगितला. हा झाडीपट्टीचा मुलूख आहे. येथे दिवाळीनंतर गावोगाव रात्र-रात्र नाटके चालतात, घोंगडी अंगावर घेऊन बसलेला प्रेक्षक पहाटेपर्यंत हलत नाही, आणि एखाद्या पात्राने स्मशानात पाऊल टाकले की मंडपात खरोखर चिडीचूप होते. अशा भागात येऊन शहरातल्या माणसाने ध्वनिक्षेपकावर पैंजण वाजवावेत हे जरा धाडसाचेच आहे. मध्येच गडाच्या बाजूने एक लांब, खरखरीत चीत्कार आला आणि ध्वनिक्षेपकापेक्षा सगळे त्यालाच अधिक घाबरले. माझ्या अंदाजाने ते गव्हाणी घुबड होते. पडक्या वास्तूंत राहणारा, पोटाकडून पांढरा, पंखांचा आवाज न करता डोक्यावरून जाणारा आणि किंचाळणारा हा पक्षी आपल्याकडच्या निम्म्या भुतांना जबाबदार असावा. तो उंदीर खातो, आणि धानाच्या मुलखात त्याच्याइतका उपकारी शेजारी दुसरा नाही.

जेवण मात्र चांगले होते, हे न लिहिणे अन्यायाचे होईल. गावातल्याच बायांनी चुलीवर केलेली पाटोडीची रस्सा भाजी, वाफाळता भात, जवसाची चटणी, वांग्याचे भरीत आणि वर हवे तेवढे तिखट. मीठ नेमके, भात मोकळा. भाताविषयी तुमसर भागात कोणी चूक करत नाही. या जेवणाला पाचपैकी पाच. प्रवासाला तीन, उशिरामुळे. मार्गदर्शनाला एक, तोही त्या म्हाताऱ्या गृहस्थांमुळे. सुरक्षिततेला शून्य.

गडावर जावे की नाही, असे कोणी विचारल्यास अवश्य जावे, असेच मी म्हणेन. या सहलीने जाऊ नये, एवढेच. स्वतःच्या गाडीने नागपूरहून पहाटे सहाला निघालात तर नऊच्या आत पायथ्याशी पोहोचता येते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळू लागला की एकट्याने पहाटे वाटेला लागू नये, अस्वलाची गोष्ट वर आलीच आहे. पिण्याचे पाणी माणशी दोन लिटर न्यावे, गडावरच्या पाण्याला हातही लावू नये, विहिरीच्या कठड्यावर टेकू नये. वर जाण्यापूर्वी गावातल्या कोणा जाणत्या माणसाला बरोबर घ्यावे आणि त्याला योग्य मोबदला द्यावा. उतरल्यावर दिवस उरला तर जवळच गायमुख आहे, जेथे महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते, आणि चांदपूरचा तलाव व हनुमानाचे मंदिरही त्याच बाजूला आहे. ज्यांना चढण झेपणार नाही त्यांनी रामटेकजवळचे नगरधन पाहावे. तो भुईकोट आहे, वाकाटक राजांच्या नंदिवर्धन या राजधानीची ती जागा मानली जाते, आणि तेथे भूत दाखवतो म्हणणारा मला तरी अजून भेटलेला नाही.

रात्री बस निघण्यापूर्वी आयोजकांच्या बाटल्या संपल्या. मी त्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या घरी पाणी मागितले. त्यांनी हापशीचे पाणी पितळी तांब्यात आणून दिले. जुन्या सवयीने मी तांब्या आधी नाकाशी नेला, मग दारातल्या दिव्याकडे कलता करून आत पाहिले. ते ओट्यावर बसून हे सगळे पाहत होते.

“पिऊन घ्या जी,” ते म्हणाले, “गडावरचं नोहे ते.”